आपला प्रश्न घेऊन कॉलेजच्या लायब्ररीत

घुग्घुस आणि आजूबाजूच्या गावांतल्या बचत गटांच्या सगळ्या ताया, मावश्या, काकू आणि कॉलेजात जाणाऱ्या पोरींनो, आजचं बोलणं जरा लक्ष देऊन ऐका.

गटाची बैठक झाली, हप्ते जमा झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले, की मग खरं बोलणं सुरू होतं. हे तुम्हालाही माहीत आहे आणि आम्हालाही. कुणी म्हणते, "या धुळीनं पोराचा खोकला काही जात नाही, आपल्या हवेत नेमकं आहे तरी काय?" कुणी हळूच विचारते, "अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, हे सगळ्याच बायांना असतं का?" कुणी म्हणते, "पोरीला बीएच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प दिला आहे. दुकानवाला पैसे घेऊन तयार करून देतो म्हणतो. घ्यावा का?" आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये आपल्या आमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गेलं, तेव्हापासून एक प्रश्न कायमच आहे: "आमच्या घराखाली जुनी खाण आहे का, हे कुठं कळेल?"

या प्रश्नांची उत्तरं आपण मोबाईलवर शोधतो. मोबाईल शंभर उत्तरं देतो. त्यातलं खरं कोणतं, जुनं कोणतं, कुणीतरी उगाच पुढं पाठवलेलं कोणतं, हे मात्र तो सांगत नाही. हे वेगळं करून देण्याचं शिक्षण घेतलेला एक माणूस आपल्या तालुक्यातल्या बहुतेक कॉलेजांत असतो. त्याला आपण "लायब्ररीवाले सर" किंवा "लायब्ररीच्या मॅडम" म्हणतो. पुस्तक देणं-घेणं आणि उशीर झाला की दंड लावणं, एवढंच त्यांचं काम असं आपल्याला वाटतं. ते तेवढंच नाही. मोबाईल आणि कॉम्प्युटर आल्यापासून हे काम कसं बदललं आणि त्याचा आपल्याला काय उपयोग, हे आज आम्ही सांगणार आहोत.

संदर्भ सेवा म्हणजे काय

ग्रंथपालाच्या कामातला एक भाग म्हणजे संदर्भ सेवा. सोप्या भाषेत सांगायचं तर, कुणी प्रश्न घेऊन आलं की त्याला योग्य पुस्तकापर्यंत, योग्य पानापर्यंत नेऊन पोचवणं. ही कल्पना जुनी आहे. १८७६ साली अमेरिकेतल्या वुस्टर नावाच्या शहरातले ग्रंथपाल सॅम्युअल ग्रीन यांनी यावर एक निबंध वाचला. त्यांचं म्हणणं असं होतं की साध्या माणसाला पुस्तकं कशी शोधायची हे माहीत नसतं, विचारायलाही तो लाजतो, म्हणून ग्रंथपालानं आपणहून आपुलकीनं पुढं होऊन त्याला मदत करावी.

आपल्या देशात हे काम शास्त्र म्हणून उभं केलं डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं पुस्तकात मांडली. ग्रंथ वापरण्यासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. आणि ग्रंथालय ही वाढत राहणारी संस्था आहे. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपल्याकडं ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात.

या सूत्रांत कॉम्प्युटर नाही, मोबाईल नाही. पण "वाचकाचा वेळ वाचवा" हे आजच्या काळाला जास्तच लागू पडतं. पूर्वी अडचण अशी होती की पुस्तकंच कमी. आता अडचण उलटी आहे. माहिती इतकी झाली की धान्यात खडे आहेत की खड्यांत धान्य, हे कळेना. निवडून देणारा हात पूर्वीपेक्षा आज जास्त लागतो.

चांगला ग्रंथपाल लगेच उत्तर देत नाही. आधी तोच दोन-चार प्रश्न विचारतो. एखादी बाई येऊन म्हणाली, "प्रदूषणाचं पुस्तक आहे का?" तर तो विचारेल, "कशासाठी पाहिजे ताई? हवेचं की पाण्याचं? आपल्या गावाचं की सगळ्या देशाचं? वाचणार कोण आहे?" अशा विचारपूसीतून कळतं की बाईला पुस्तक नकोच आहे. तिला ग्रामसभेत किंवा नगर परिषदेत मांडायला आपल्या भागाचा एक खरा आकडा पाहिजे आहे. प्रश्न नीट उलगडला की निम्मं काम होतं. ही विचारपूस काउंटरवर होवो, फोनवर होवो की व्हॉट्सअॅपवर, ती टळत नाही.

कॉम्प्युटर आल्यावर काय बदललं

पहिला बदल झाला यादीत. पूर्वी लायब्ररीत लाकडी ड्रॉवर असायचे, त्यात प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड. आता ती यादी कॉम्प्युटरवर आली. बऱ्याच ठिकाणी ती घरी बसून मोबाईलवरही बघता येते. त्यासाठी "सोल" नावाची प्रणाली आपल्या देशातच तयार झाली. दुसरी एक आहे "कोहा". ती न्यूझीलंडमधल्या एका छोट्या भागातल्या ग्रंथालयानं स्वतःच्या गरजेसाठी करून घेतली, २००० सालच्या सुरुवातीला वापरायला घेतली आणि मग सगळ्या जगाला फुकट दिली. तिथल्या माओरी लोकांच्या भाषेत कोहा म्हणजे भेट, देणगी. आज भारतातली कितीतरी कॉलेजं ती वापरतात.

दुसरा बदल मोठा आहे. पूर्वी जे लायब्ररीच्या कपाटात, तेवढंच तिचं. आता कपाटात नसलेलंही ग्रंथपाल काढून देऊ शकतो. गांधीनगरला "इन्फ्लिबनेट" नावाचं केंद्र आहे. देशातल्या विद्यापीठांची आणि कॉलेजांची ग्रंथालयं एकमेकांना जोडण्यासाठी ते उभं केलं. त्याची "एन-लिस्ट" नावाची योजना खास कॉलेजांसाठी आहे. कॉलेजनं वर्षाची ठरलेली रक्कम भरली की तिथल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना सहा हजारांहून जास्त नियतकालिकं आणि लाखाच्या वर पुस्तकं स्वतःच्या मोबाईलवर वाचता येतात. त्यासाठी प्रत्येकाला वेगळं लॉगिन मिळतं. हे लॉगिन म्हणजे रेशन कार्डासारखं समजा. कार्ड ज्याचं, धान्य त्याला. आपली पोरगी कॉलेजात असेल आणि तिनं हे लॉगिन कधी घेतलंच नसेल, तर तिच्या हक्काचं धान्य दुकानात तसंच पडून आहे.

तिसरी गोष्ट, "शोधगंगा". पीएचडी करणारे लोक जे मोठे प्रबंध लिहितात, ते पूर्वी विद्यापीठाच्या एखाद्या कपाटात धूळ खात पडायचे. २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं नियम केला की ते कॉम्प्युटरवरही जमा करावेत. आता शोधगंगेवर लाखो प्रबंध आहेत आणि ते वाचायला कुणालाच पैसे लागत नाहीत, लॉगिनही लागत नाही. त्यात मोहफुलावर, तेंदूवर, कोळसा खाणीवर, बचत गटांवर शोध घेऊन पाहा. आपल्यासारख्या बायांना प्रश्न विचारून, फॉर्म भरून घेऊन लोक निघून जातात, आणि पुढं त्याचं काय झालं हे आपल्याला कळत नाही. ते पुष्कळदा तिथं जाऊन बसलेलं असतं.

चौथी, खरगपूरच्या आयआयटीनं उभारलेली राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी. जून २०१८ मध्ये ती सगळ्या देशासाठी खुली झाली. शाळेच्या पुस्तकांपासून कॉलेजच्या व्याख्यानांपर्यंत पुष्कळ गोष्टी एकाच जागी शोधता येतात. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत.

आणि अलीकडची गोष्ट म्हणजे "वन नेशन वन सबस्क्रिप्शन". नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या मंत्रिमंडळानं तिला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये ठेवले. ३० मोठ्या प्रकाशकांची जवळपास १३ हजार संशोधन नियतकालिकं सरकारी विद्यापीठांना, सरकारी कॉलेजांना आणि संशोधन संस्थांना एकत्र मिळावीत, अशी ही योजना. आपली चंद्रपूर आणि गडचिरोलीची कॉलेजं २०११ पासून गोंडवाना विद्यापीठाशी जोडलेली आहेत. आपलं कॉलेज यातल्या कोणत्या योजनेत आहे, हे ग्रंथपालालाच विचारायचं. त्यांना ते विचारलेलं आवडतं, कारण विचारणारेच कमी असतात.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा हा बदल सगळ्यांनाच दिसला. लायब्ररीच्या दाराला कुलूप, पण परीक्षा आणि प्रकल्प तर होतेच. देशभरातल्या ग्रंथपालांनी मग व्हॉट्सअॅपचे गट केले, ईमेलवर प्रश्न घेतले, लेख पाठवले, मोबाईलवरून शिकवण्या घेतल्या. "ग्रंथपालाला विचारा" ही सोय बाहेरच्या देशांत आधीपासून होती. २००२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं एका संस्थेबरोबर अशी व्यवस्था सुरू केली होती, की एका लायब्ररीला उत्तर सापडलं नाही तर प्रश्न दुसरीकडं पाठवता यावा. आपल्याकडं तेच काम साध्या मोबाईलवर होऊ लागलं.

एका प्रश्नाचा प्रवास

आता एक प्रश्न घेऊ आणि ग्रंथपाल तो कसा सोडवतो ते पाहू. समजा आपल्याला मोबाईलवर एक संदेश आला, "घुग्घुस देशात सगळ्यात प्रदूषित." खरं की खोटं?

ग्रंथपाल आधी विचारेल: हे कुणी मोजलं? कधी मोजलं? काय मोजलं? मग तो मूळ कागदापर्यंत जाईल. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या ८८ औद्योगिक भागांना गुण दिले होते. जितके गुण जास्त, तितकं प्रदूषण जास्त. ७० च्या वर गुण म्हणजे अति गंभीर. असे ४३ भाग निघाले. त्यात चंद्रपूरला ८३.८८ गुण होते आणि नंबर होता चौथा. आणि चंद्रपूर म्हणजे नुसतं शहर नाही. त्या मोजणीत चंद्रपूर एमआयडीसी, ताडाळी, घुग्घुस आणि बल्लारपूर एकत्र धरले होते. २०१८ मध्ये पुन्हा मोजणी झाली, तेव्हाही चंद्रपूर ७० च्या वरच होतं.

म्हणजे तो संदेश काय निघाला? जसा लिहिला तसा बरोबर नाही. पहिला नंबर नव्हता आणि तो एकट्या घुग्घुसचा आकडाही नव्हता. शिवाय हे गुण हवा, पाणी आणि जमीन मिळून काढलेले होते, नुसत्या धुळीचे नव्हते. पण खोटा म्हणून सोडून द्यावा असाही नाही, कारण सरकारी कागदावर आपल्या भागाचं नाव गंभीर यादीत लिहिलेलं आहे.

फरक लक्षात आला का बायांनो? "आम्ही देशात पहिल्या नंबरावर आहोत" असं आपण साहेबासमोर म्हटलं तर साहेब हसून विषय संपवेल. "केंद्रीय मंडळाच्या २००९ च्या अहवालात घुग्घुस धरून चंद्रपूर भागाला ८३.८८ गुण आहेत, २०१८ लाही ७० च्या वर आहेत, आज काय स्थिती आहे ते सांगा" असं म्हटलं तर त्याला कागद काढावाच लागेल. आणि आजच्या धुळीसाठी ग्रंथपाल म्हणेल, जुन्या अहवालावर थांबू नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ हवेची मोजणी करतं, तिचे अलीकडचे आकडे बघा. आकड्याबरोबर तारीख नेहमी लिहून घ्या.

आपल्याच आजाराची नोंद

दुसरं उदाहरण बायांच्या दुखण्याचं. १९८९ साली लंडनहून निघणाऱ्या "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला. तो गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत केलेला होता. ६५० बायांची तपासणी झाली. शंभरातल्या ९२ बायांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक आजारांपैकी एक तरी आजार निघाला. एकेका बाईला सरासरी ३.६ आजार. आणि त्याआधी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या बाया शंभरात फक्त ८. आणखी एक गोष्ट ऐका. शंभरातल्या ४५ बायांनी "आम्हाला काहीच तक्रार नाही" असं सांगितलं होतं.

हा अभ्यास जगभर गाजला. खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण आणि नसबंदी एवढंच नाही, हे त्यामुळं मोठमोठ्या लोकांना मान्य करावं लागलं. पण ज्या बायांच्या अंगावरची ही गोष्ट, त्यांच्या लेकी-सुनांपैकी किती जणींनी ती वाचली असेल? ती इंग्रजीत आहे, परदेशी नियतकालिकात आहे आणि पुष्कळ वर्षांपूर्वीची आहे.

आज ती शोधायला लंडनला जावं लागत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयानं "पबमेड" नावाची वैद्यकीय लेखांची यादी १९९७ पासून इंटरनेटवर सगळ्यांना फुकट खुली केली आहे. त्यात या लेखाचा थोडक्यात सारांश आहे. कॉलेजचा ग्रंथपाल तो काही मिनिटांत काढून देऊ शकतो. इंग्रजी येणारी गटातली एखादी पोरगी तो मराठीत समजावून सांगू शकते. अवघड शब्द आला तर मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे, त्यात बघता येतं. मोबाईल भाषांतरही करून देतो, पण आकडा, औषधाचं नाव आणि "नाही" हा शब्द मूळ लेखाशी पडताळून पाहायचा. एक "नाही" गळला तर सगळा अर्थच उलटतो.

"सगळ्याच बायांना असतं का?" या आपल्या बैठकीतल्या प्रश्नाचं उत्तर असं निघतं: त्या दोन गावांत तरी पुष्कळ बायांना होतं, पण पुष्कळांना असतं म्हणजे ते चालवून घ्यायचं असं नाही, कारण तो आजार आहे. इथं ग्रंथपालाचं काम संपतं. तपासणीला आशाताईंना विचारून दवाखान्यातच जायचं.

उत्तर पुस्तकात नसेल तेव्हा

जुन्या खाणीचा प्रश्न वेगळा आहे. खाणीमुळं जमीन कशी खचते, यावर लेख आणि प्रबंध मिळतील. पण "माझ्या घराखाली खाण आहे का" हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नसतं. अशा वेळी चांगला ग्रंथपाल स्पष्ट सांगतो की हे माझ्या कपाटात नाही, पण कुणाकडं असेल ते मी सांगतो. खाण बंद करताना तिचे नकाशे जमा करावे लागतात. हे काम पाहणारं केंद्राचं कार्यालय म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालय, ते धनबादला आहे. खाण चालवणाऱ्या सरकारी कंपनीकडंही नकाशे असतात. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यानं त्यांना अर्ज करता येतो. केंद्राच्या कार्यालयांसाठी फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तीही नाही. उत्तर साधारण ३० दिवसांत द्यायचं असतं. योग्य दार दाखवणं हाही संदर्भ सेवेचाच भाग आहे.

मशीन जेव्हा पुस्तकांची नावं रचतं

आता पोरींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतर तशी बरीच मशीन आली. प्रश्न टाकला की ती सुंदर भाषेत उत्तर लिहून देतात, मराठीतही. वापरायला हरकत नाही. पण ती कधी कधी अशा लेखांची आणि पुस्तकांची नावं देतात, जी कुणी कधी लिहिलेलीच नसतात. लेखकाचं नाव खऱ्यासारखं, वर्ष खऱ्यासारखं, नियतकालिकाचं नावसुद्धा खरं; फक्त तो लेख नसतो. जगभरातल्या ग्रंथपालांकडं आता असे न छापलेले लेख मागायला विद्यार्थी येतात.

म्हणून ग्रंथपाल एक साधा नियम शिकवतात. चार गोष्टी सापडल्या तरच संदर्भ खरा माना: लेखक कोण, नाव काय, साल कोणतं, कुठं छापलं. आणि तो लेख स्वतः उघडून बघा. ते शक्य झालं नाही तर प्रकल्पात लिहू नका. दुकानातून विकत घेतलेल्या तयार प्रकल्पालाही हेच लागू. त्यातले संदर्भ कुठून आले हे पोरीला माहीत नसतं, आणि तोंडी परीक्षेत सरांनी एक प्रश्न विचारला की पंचाईत होते. आता तर कॉम्प्युटर उचललेलं लिखाणही ओळखतो. जेवढे पैसे दुकानवाल्याला द्यायचे, तेवढ्यात पोरीच्या चार-पाच चकरा लायब्ररीच्या होतील. त्यातून ती शोधायला शिकेल आणि ते पुढं नोकरीतही उपयोगी पडेल.

काय मागता येतं, काय नाही

काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. कॉलेजची लायब्ररी मुळात तिथल्या विद्यार्थ्यांसाठी आणि शिक्षकांसाठी असते. बाहेरच्या माणसाला आत घेणं हे प्राचार्यांच्या परवानगीवर असतं. पैसे भरून घेतलेल्या लेखांचं लॉगिन ग्रंथपाल आपल्याला देऊ शकत नाहीत. तो करार असतो, त्यासाठी त्यांच्याशी वाद घालू नये. पण शोधगंगा, पबमेड, राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी, विश्वकोश, सरकारी अहवाल हे सगळं खुलं आहे. ते कसं शोधायचं एवढं एकदा दाखवा, असं आपण नक्कीच मागू शकतो.

ग्रंथपाल औषध सांगणार नाही आणि कोर्टाचा सल्ला देणार नाही. त्यानं तो देऊही नये. आणि आपण काय विचारलं ते त्यानं दुसऱ्याला सांगायचं नसतं, हा त्याच्या कामाचा जुना धर्म आहे. त्यामुळं दुखण्याचा प्रश्न विचारायला संकोच नको. मॅडम असतील तर त्यांना विचारा, नाहीतर चिठ्ठीवर लिहून द्या.

काही कॉलेजांत ग्रंथपालाची जागा रिकामी असते, एखादा कर्मचारी नुसती देवघेव सांभाळतो. तिथं हे सगळं मिळणार नाही. मग गावातल्या सार्वजनिक वाचनालयात जा. १९६७ च्या कायद्यानं आपल्या राज्यात त्यांना मान्यता आणि अनुदान मिळतं. आणि कॉलेजात ग्रंथपाल का नाही, हे पालक म्हणून विचारायलाही विसरू नका. फी आपण भरतो.

आता गटानं काय करावं

हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर प्रश्नवही सुरू करा. बैठकीत जो प्रश्न दोन-तीन जणींना पडला असेल तो लिहा. प्रश्नासोबत चार ओळी लिहा. नेमकं काय जाणून घ्यायचं आहे. कोणत्या गावाबद्दल किंवा कोणत्या वर्षांबद्दल. कशासाठी: अर्जासाठी, सभेसाठी की नुसतं समजून घ्यायला. आणि मराठीतच पाहिजे की इंग्रजी चालेल. ग्रंथपाल नेमकं हेच विचारणार आहेत. आधी लिहून नेलं तर त्यांचाही वेळ वाचतो, आपलाही.

मग गटातली कॉलेजात जाणारी एक लेक किंवा सून निवडा. तिच्या हाती महिन्याला एकच प्रश्न द्या, दहा नको. परीक्षेचे दिवस सोडून तिला पाठवा. तिनं स्वतःचं लॉगिन मागावं, लायब्ररीचा व्हॉट्सअॅप गट किंवा ईमेल आहे का ते विचारावं आणि शोध कसा घ्यायचा ते शिकून घ्यावं. मुक्त विद्यापीठातून शिकणाऱ्या सुनांनीही आपल्या अभ्यास केंद्रावर चौकशी करावी. तीन-चार गटांचे प्रश्न जमले तर ग्रामसंघाच्या नावानं प्राचार्यांना साधा अर्ज करा, की एक दिवस तासभर आमच्या बायांना माहिती शोधायला शिकवा. कोऱ्या कागदावरचा अर्जही चालतो, खाली गटाचा शिक्का आणि अध्यक्ष-सचिवांच्या सह्या हव्यात.

उत्तर आलं की ते बैठकीत मोठ्यानं वाचा. खाली लिहा: कुठून मिळालं, कोणत्या सालचं, कुणी शोधून दिलं. वर्षभरात बारा उत्तरं जमतील. पुढच्या वेळी कुणी साहेब आला, कुणी कंपनीचा माणूस आला किंवा कुणी घाबरवणारा संदेश मोबाईलवर आला, तर आधी ती वही उघडता येईल.

या महिन्याच्या बैठकीत पहिला प्रश्न लिहा, आणि तो कोणता ते आम्हाला कळवा. काही गटांचे प्रश्न घेऊन आपण पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं सोबत बघू. नमस्कार.